जे.आर.डीं.च्या कानावरचा हेडफोन काढा

मा. मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या हस्ते शाळकरी मुलांसाठीच्या विमानविद्या दालनाचं उद्घाटन झालं. जे.आर.डी. टाटांच्या टपाल-उड्डाणाला त्यात अख्खी भिंत मिळाली, याबद्दल आभार. भूमिपूजनाच्या वेळी आपण शब्द दिला होता की मजकूर जाणकारांना दाखवल्याशिवाय छापणार नाही. कोणते जाणकार गाठलेत, ते कळलं तर बरं होईल.

छताला टांगलेल्या विमानाला वर-खाली दोन पंख आहेत. १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघालेलं विमान पस मॉथ होतं. त्याला वर-खाली पंख नव्हते. होता तो एकच, केबिनच्या माथ्याच्या पातळीवर. केबिन बंद, तरी तुमच्या पुतळ्याचा मफलर वाऱ्यावर फडफडतोय. वारा कुठून आला?

इंजिनाचे सिलिंडर वरच्या बाजूला दाखवलेत. पस मॉथचं १२० अश्वशक्तीचं जिप्सी इंजिन उलटं असे : क्रँकशाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा दांडा, वर आणि चारही सिलिंडर खाली. त्यामुळे वैमानिकाला नाकासमोरचं दिसतं आणि पंखा (प्रोपेलर) जमिनीपासून उंच राहतो. त्रास एकच. विमान उभं असलं की तेल झिरपून सिलिंडरांत उतरतं. म्हणून सुरू करण्याआधी स्विच बंद ठेवून पंखा हाताने सावकाश फिरवायचा. मध्येच अडला तर जोर करायचा नाही. खालचे, ठिणगी पाडणारे प्लग काढून तेल गळू द्यायचं. तेल काही दबत नाही; जोर केला की कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा, वाकलाच म्हणून समजा. मुलांनी दालनात एवढी एक गोष्ट पाहिली असती तरी तिकिटाचे पैसे फिटले असते.

आता पुतळ्याच्या कानावरचा तो हेडफोन. त्या विमानात रेडिओच नव्हता. मग जे.आर.डी. ऐकत काय होते, गाणी? फलक म्हणतो, ‘दैवी अंतःप्रेरणेने मार्ग शोधला.’ अहो, हा त्रैराशिकाचा मामला आहे. ताशी १०० मैलांच्या विमानाला आडवा २० मैलांचा वारा लागला, तर ते अकरा-सव्वाअकरा अंशांनी सरकतं. तासाभरात २० मैल भलतीकडे. कराची ते अहमदाबाद सरळ रेषेत पावणेचारशे मैल, त्यात कच्छचं रण. पांढऱ्या मिठावर खूण शोधणार कुठे? वैमानिकांचा जुना हिशोब असा : ६० मैल गेल्यावर खालची नदी किंवा रेल्वेचा रूळ पाच मैल बाजूला दिसला, तर दिशा पाच अंशांनी चुकली. आता दहा अंश उलट वळायचं. पाच अंशांनी मूळ चूक भरून निघते, उरलेल्या पाचांनी पुढच्या ६० मैलांत विमान मूळ रेषेवर येतं. मग ते पाच अंश सोडून द्यायचे, नाहीतर पलीकडे भरकटाल. सातवीतल्या पोरालाही हे जमेल. पण आपल्याकडे गणित मांडलं की माणूस लहान वाटतो, म्हणून मग दैवी काहीतरी चिकटवायचं.

खरा तपशील मात्र गायब. टपाल ५५ पौंड, म्हणजे जेमतेम २५ किलो. अहमदाबादला पेट्रोल चार गॅलनच्या डब्यांतून, बैलगाडीने आलं. दुपारी जुहू. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेणाऱ्या नेव्हिल व्हिन्सेंटचं तर भिंतीवर नावही नाही. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी पाण्याखाली जाई आणि मुक्काम पुण्याला हलवावा लागे. हेही नाही.

जे.आर.डीं.ना ‘पहिला भारतीय वैमानिक’ म्हटलंय, हेही चूक. १० फेब्रुवारी १९२९चा त्यांचा परवाना भारतात दिलेला पहिला, क्रमांक १. पण इंद्रलाल रॉय हा बंगाली पोरगा १९१८मध्येच लढाऊ विमान उडवता उडवता पडला होता. जे.आर.डीं.ना मोठं करायला त्याला पुसावं लागत नाही.

१९३०ची आगाखान शर्यतही विसरलात : भारत ते इंग्लंड, कुठल्याही दिशेने, एकट्याने उडायचं. इजिप्तमधल्या अबुकीरला अस्पी इंजिनिअर नावाचा दुसरा स्पर्धक प्लगसाठी अडकून पडला होता. वय १७. जिप्सीला दर सिलिंडरला दोन, असे आठ प्लग. काजळी धरली की ठिणगी पडत नाही. समोरून आलेल्या जे.आर.डीं.नी आपले जादा प्लग त्याला दिले. शर्यत अस्पीने जिंकली, आणि १९६०मध्ये तो हवाई दलाचा प्रमुख झाला. तुमच्या भिंतीवर या जागी पुरस्कर्त्यांचे लोगो आहेत.

दुरुस्तीची पत्रं पाठवून बोटं झिजली. दहा-बारा तरी गेली असतील, जास्तच. एकाचं उत्तर आलं : ‘मजकूर निविदेनुसार आहे.’ म्हणजे निविदेत दोन पंख असतील तर इतिहासाने दोन पंख लावून घ्यायचे! सगळीकडे हेच. पूल असो, पाठ्यपुस्तक असो, कमीत कमी दराने बोली लावणारा ठरवणार काय खरं ते. तपासणारा सही करून बदलीच्या गावी. आणि चूक दाखवणारा ‘नकारात्मक’. कराची-मद्रास हवाई टपालसेवा चालवणारा माणूस मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवायचा हो!

निदान एवढं करा. खालचा पंख काढा. हेडफोन काढा. काचेच्या पेटीत आठ प्लग ठेवा : चार स्वच्छ, चार काजळलेले. शेजारी नकाशा, फूटपट्टी आणि कोनमापक, दोरीला न बांधता.

उद्घाटनाची कोनशिला तशीच राहू द्या. आपलं नाव तिच्यावर बिनचूक आहे.

कळावे,
विमानांच्या देखभालीत हात काळे केलेले काही निवृत्त तंत्रज्ञ