तुमच्या क्रेप बँडेजबद्दल

फिजिओथेरपी विभागातल्या ताईंना,

स. न. वि. वि.

कृत्रिम पाय आम्ही बनवतो, त्यामुळे शाबासकीही आम्हालाच मिळते. पण पाय नीट बसणार की टोचणार, हे बरंचसं त्याआधीच, तुमच्या हाताखाली ठरतं. म्हणून हे मनापासून आभार.

गुडघ्याखाली पाय काढलेल्यांना तुम्ही १० सेंटिमीटर रुंदीचं बँडेज बांधता, मांडीतून काढलेल्यांना १५ चं. वेढे तिरके, आठच्या आकड्यासारखे. (आपला ८ नव्हे, इंग्रजी आठ, हे पहिल्याच दिवशी काढून दाखवता ते फार बरं!) घरची माणसं काळजीपोटी गोल गोल गुंडाळतात. मग वर आवळलं जातं, खालचं रक्त परतत नाही, टोक फुगतं आणि स्टंपचा, म्हणजे उरलेल्या पायाचा, डमरू होतो. टोक आत जाईल एवढं सॉकेट (कृत्रिम पायाची, स्टंप बसवायची खोबण) केलं, तर ते वर ढिलं पडतं. ताण टोकाशी जास्त आणि वर जाताना कमी, हे तुम्ही नुसतं सांगत नाही. नातेवाइकांकडून तुमच्यासमोर बांधून घेता.

सेफ्टी पिनऐवजी चिकटपट्टी, कारण मधुमेहाने बधिर झालेल्या त्वचेला टोचलेलं कळत नाही. दर चार ते सहा तासांनी सोडायचं, त्वचा पाहायची, पुन्हा बांधायचं. ठणका लागला, मुंग्या आल्या किंवा रंग काळानिळा दिसला, तर वेळ होण्याची वाट न पाहता सोडायचं.

मांडीच्या स्टंपला बँडेज कमरेभोवती नेऊन जांघेची आतली बाजू झाकण्याचा तुमचा आग्रह कधी सोडू नका. ती उघडी राहिली की तिथे मांसाची वळी जमते आणि सॉकेटच्या काठात चिमटते. नंतर ती घालवणं फार अवघड.

टाके निघून जखम भरली की श्रिंकर, म्हणजे स्टंपवर चढवायचा घट्ट लवचीक मोजा. तो टोकाला टेकलाच पाहिजे. तळाशी पोकळी राहिली तर सूज तिथेच उतरते. सैल झाला की लहान माप. दोन असावेत, एक धुण्यात. पिळायचा नाही, सावलीत आडवा वाळवायचा.

आणि ती घेराची वही! दर आठवड्याला त्याच खुणांवर घेतलेली मापं पाहिली, की सूज अजून उतरतेय की थांबलीय हे लगेच कळतं. आकडे स्थिर होण्याआधी साचा घेतला तर सॉकेट थोड्याच दिवसांत ढिलं होतं. वही पेशंटसोबत अशीच पाठवत राहा.

आपले,
कृत्रिम अवयव कार्यशाळेतले सहकारी