सीट ठोके मोजेल, पण आकडा कोणाकडे जाणार?

महोदय,

चालकाच्या सीटमध्येच हृदयाचे ठोके मोजणारे सेन्सर, हा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. मी २६ वर्षं ट्रॅव्हल्सच्या गाड्या चालवल्या, बहुतेक नाशिक-मुंबई लाइनवर. म्हणून हे पत्र.

कल्पना काही आजची नाही. फोर्डने जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाबरोबर २०११ मध्ये अशी सीट दाखवली होती. पाठ टेकते तिथे सहा सेन्सर. अंगाला काही चिकटवायचं नाही, शर्टावरूनच ईसीजी निघायचा. पुढे २०१५ मध्ये कंपनीनेच ते काम गुंडाळलं. तोवर ठोके मोजणारी मनगटी घड्याळं बाजारात आली होती.

आता आमची सीट बघा. रेक्झिन, त्यावर लाकडी मण्यांचं कव्हर, त्यावर घामाने भिजलेला टॉवेल. शिवाय घाटात पाठ टेकून गाडी चालवतो कोण? कसाऱ्याला वळण घेताना चालक स्टिअरिंगवर ओणवा झालेला असतो, पाठ सीटपासून वीतभर लांब. पण यावर इंजिनिअर तोडगा काढतील. माझी काळजी दुसरीच आहे.

एकदा त्याच घाटात माझ्या छातीवर दडपण आलं, कळ जबड्यापर्यंत गेली. पित्त असेल म्हणून सोडा प्यायलो आणि गाडी ठाण्यापर्यंत नेली. मागे तीसेक माणसं झोपलेली. नंतर डॉक्टर खूप रागावले, आणि त्यांचं बरोबरच होतं. पण आदल्याच आठवड्यात एका जोडीदार चालकाने चक्कर येते म्हणून सांगितलं, तर मालकाने त्याची गाडी दुसऱ्याला दिली. फेरीवर पैसे मिळणाऱ्याने आजार सांगायचा कोणत्या तोंडाने? उद्या सीटवरचे आकडे थेट मालकाच्या मोबाइलवर जाणार असतील, तर आठवडाभरात सगळ्या सीटवर जाड उशा दिसतील. मीसुद्धा टाकली असती.

सेन्सर जरूर बसवा. मात्र नोंद डॉक्टरकडे जावी आणि दुखणं निघालं तर उपचार होईपर्यंत पगार चालू राहावा, हे आधी नियमात लिहा. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) दिवसाला साधारण आठ तासांचंच काम सांगितलं होतं, तेही एकदा कोणीतरी मोजावं. आणि लांब पल्ल्याचा दुसरा चालक कागदावर नको, गाडीत हवा.

– एक निवृत्त ट्रॅव्हल्सचालक, नाशिक