पन्हाळा ते विशाळगड : या वाटेला वाली कोण?

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

11 जुलै 2025 रोजी मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत पन्हाळा आहे, याचा आनंद आम्हालाही आहे. दुसऱ्याच दिवशी 12 जुलै उजाडला. 1660 साली याच तारखेच्या रात्री, चार महिने सिद्दी जौहरचा वेढा सोसल्यावर, महाराज भर पावसात पन्हाळ्यावरून निघाले. शिवा काशीद यांनी महाराजांचा वेश घेऊन मरण पत्करले. घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू, त्यांचे बंधू फुलाजी आणि बांदल मावळ्यांनी पाठलाग रोखून धरला, म्हणून महाराज विशाळगडी पोचले. हा पराक्रम ना पन्हाळ्याच्या तटावर झाला, ना विशाळगडाच्या. तो वाटेवर झाला, आणि ती वाट या यादीत नाही.

पन्हाळा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, विशाळगड राज्याच्या. मधले साठेक किलोमीटर कोणाकडे? थोडे वनखात्याकडे, थोडे ग्रामपंचायतींकडे, थोडे बांधकाम खात्याकडे, उरलेले शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर. म्हणजे तक्रार करायची झाली तर कोणाकडेच नाही. दर आषाढात या वाटेवर पायी निघणाऱ्या मोहिमांना झेंडा दाखवला जातो, व्यासपीठावरून शब्द दिले जातात : फलक लावू, मुक्कामाची सोय करू, डॉक्टर ठेवू. पुढच्या आषाढात तोच झेंडा, तेच शब्द आणि तोच चिखल.

ही वाट काय आहे ते एकदा नीट ऐकून घ्या. पन्हाळ्याच्या राजदिंडी दरवाजातून उतरून म्हाळुंगे आणि मग मसाई पठाराची चढण. पठार उघडे, जांभ्याचे, झाडाचा आडोसा नाही. जुलैत तिथे ढग उतरला की पन्नास पावलांपुढचा माणूस दिसत नाही, आणि जनावरांच्या पायवाटा इतक्या फुटतात की खरी कोणती तेच कळत नाही. माणूस चुकतो तो इथेच. कुंभारवाडीकडे उतरायचे सोडून भलत्याच कड्यावर जातो. दगडांवर मारलेले रंगाचे बाण पहिल्या दोन पावसांत शेवाळाखाली जातात आणि फ्लेक्स वाऱ्याने फाटतात. म्हणून बाण नकोत, फ्लेक्स तर नकोतच. छातीएवढ्या उंचीचे जांभ्याचे खांब रोवा, बाण त्यात कोरलेला असू द्या आणि पठारावर दोन खांबांतले अंतर पन्नास पावलांहून जास्त ठेवू नका. त्याहून लांबचा खांब धुक्यात असून नसल्यासारखा. खाली वाड्यांमध्ये इतके लागत नाहीत, प्रत्येक फाट्यावर एक पुरे. पण त्यावर पुढची वाडी, अंतर आणि 108 ची गाडी जिथपर्यंत येऊ शकते ते ठिकाण लिहिलेले हवे. मधल्या बऱ्याच टप्प्यांत मोबाइलला रेंज नसते. पाय मुरगळलेल्या माणसाला उचलून नेमके कुठे न्यायचे, हे बरोबरच्यांना आधी माहीत असावे लागते.

खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, म्हसवडे, पांढरेपाणी, मग पावनखिंड. ही नावे चालणाऱ्यांना तोंडपाठ असतात. या टप्प्यात ओढे लागतात. वर पाऊस झाला की ओढा बघता बघता चढतो. पाणी गढूळ आणि गुडघ्याच्या वर असेल तर थांबायचे, हा नियम. ओलांडायचेच झाले तर तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडलेला, म्हणजे तोल गेला तर पिशवी टाकता येते. हे सांगायला ओढ्यावर कोणी नसते. शेकडो माणसे मागून रेटत असतात, आणि रेट्यात माणूस थांबत नाही. मोहिमेच्या दिवसांत प्रत्येक मोठ्या ओढ्यावर दोराची जोडी आणि गावातली दोन जाणती माणसे रोजंदारीवर उभी करा. याला निविदा लागत नाही.

जळवांबद्दल आमची तक्रार नाही. मीठ-तंबाखूची पुरचुंडी काठीला बांधली की भागते. ओल्या पायांना फोड येतात, चिकटवलेल्या तळव्यांचे बूट चिखलात तळवा सोडतात, रात्री शाळेच्या फरशीवर कपडे वाळत नाहीत. तेही सोसतो, त्या रात्री सोसलेल्यांची आठवण म्हणूनच तर चालतो. पण मुक्कामी शेकडो माणसांना शाळेचे एक स्वच्छतागृह, तेही कित्येकदा कुलूपबंद, आणि बायाबापड्यांनी पावसात अंधार पडायची वाट बघायची, यात कोणती आठवण आणि कोणता आदर?

आणि शेतकरी? जुलै म्हणजे रोपलावणीचे दिवस. चिखलणी झालेली, खाचरात पाणी धरलेले. हजार पावलांनी पायवाटेचा गुडघाभर राडा झाला की मागचे लोक बांधावर चढतात. बांध मऊ असतो, एका जागी खचतो आणि रातोरात खाचर रिकामे होते. सकाळी तो माणूस फावडे घेऊन बांध घालतो आणि वर आम्हाला चहाही देतो. त्याला भरपाई कोणत्या खात्यातून मिळते? एका दिवशी किती माणसे सोडायची यावर मर्यादा घाला, तुकड्यांच्या तारखा वाटून द्या, नोंदणीला शुल्क घ्या आणि ते थेट त्या वाड्यांना द्या. आम्ही ते आनंदाने भरू.

रस्ते हा वाड्यांचा हक्क आहे, त्यांना डांबरी रस्ता जरूर द्या. पण तो जुन्या वाटेच्या उरावरून कशासाठी? जुनी वाट मोजून नकाशावर घ्या, रस्ता शेजारून न्या. खिंडीजवळ जुन्या फरसबंदीचे तुकडे उरले आहेत, निदान त्यांवर काँक्रीट पडू देऊ नका. खिंडीत शिड्या आणि कठडे झाले, कारण तिथवर मोटार जाते आणि पाहुणे येतात. त्यांतले काही बाटल्या टाकून जातात. जिथे बांदलांचे रक्त सांडले तिथल्या काचा पायी येणाऱ्यांनी गोळा करायच्या, ही कोणाची व्यवस्था?

बोलू नये, पण आता बोलतो. 24 डिसेंबर 2016 रोजी अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचे जलपूजन झाले. स्मारक कुठे आहे? 4 डिसेंबर 2023 रोजी मालवणच्या राजकोटावर पुतळ्याचे अनावरण झाले आणि 26 ऑगस्ट 2024 रोजी तो कोसळला. नऊ महिनेसुद्धा टिकला नाही. महाराजांनी बांधलेला सिंधुदुर्ग त्याच किनाऱ्यावर साडेतीनशे वर्षे लाटा खात उभा आहे. सत्तेत कोणीही बसो, पैसा जातो तो उंचीला, अनावरणाला, कोनशिलेला. वाटेला कोनशिला बसवता येत नाही, फीत कापता येत नाही, म्हणून तिच्यासाठी तरतूद नाही. जून उजाडला की बैठका आणि जुलै संपला की फाइल बंद. महाराजांच्या कारभारात गवताच्या काडीचाही हिशेब होता. तुमच्या कारभारात साठ किलोमीटरच्या वाटेचा जबाबदार अधिकारीसुद्धा ठरलेला नाही.

तोच ठरवा. राजदिंडीपासून विशाळगडावरच्या बाजी-फुलाजींच्या समाधीपर्यंतच्या वाटेची मोजणी करून ती संरक्षित म्हणून अधिसूचित करा, तिच्यासाठी एकच अधिकारी नेमा आणि त्याचे पदनाम व दूरध्वनी पहिल्या खांबावर कोरा. विशाळगडावर मनाई हुकूम असेल तर तो पन्हाळ्यावर निघण्याआधी कळवा. गडाजवळच्या गजापुरात पोचून परत फिरायला लावू नका. खांबांचे काम दिवाळीनंतर सुरू झाले तरच पावसाआधी पुरे होईल, मार्चमध्ये मंजुरी देऊन उपयोग नाही. उत्तर लेखी हवे आणि त्यात तारीख हवी.

आपले,
पन्हाळा–पावनखिंड वाट चालणारे