ताप उतरत नसेल तर बुरशीची पण तपासणी करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२१ ला काळ्या बुरशीची साथ आली तेव्हा कोल्हापुरात घराघरात तोच विषय होता, लायपोसोमल अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या इंजेक्शनची चिठ्ठी घेऊन नातेवाईक मेडिकल पालथी घालत होते, कुणाचा डोळा गेला, कुणाचा वरचा जबडा काढावा लागला. कोरोना संपला आणि सगळे विसरले. पण बुरशी हॉस्पिटलातून गेलेली नाही. आयसीयूत आता जी जास्त त्रास देते ती बऱ्याचदा कँडिडा असते, एरवी आपल्याच तोंडात, आतड्यात, कातडीवर गप राहणारी. पेशंटला मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन, म्हणजे औषधं-सलाईन द्यायची नळी असते, भारी अँटिबायोटिक्सनी पोटातले चांगले जंतू मेलेले असतात, पोटाचं ऑपरेशन झालेलं असतं, त्यात शुगर वाढलेली, मग हीच बुरशी रक्तात शिरते.

माझ्या मामांचं असंच झालं. आतड्याच्या ऑपरेशननंतर ताप काय उतरेना, अँटिबायोटिक्स बदलत गेली, महाग होत गेली, आणि बुरशीचं नाव निघेपर्यंत किडन्या बंद पडत आल्या होत्या. मामा वाचले नाहीत. डॉक्टरांनी कष्ट घेतले नाहीत असं मी अजिबात म्हणणार नाही, कारण हे ओळखणं खरंच अवघड आहे, लक्षणं सगळी बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनसारखीच असतात आणि रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची टेस्ट) निम्म्या केसेस सापडतच नाहीत, सापडल्या तरी रिपोर्टला दोन-तीन दिवस जातात. तोवर औषधाला जेवढा उशीर तेवढा जिवाला धोका. म्हणून अँटिबायोटिकनं ताप हटेना झाला की बुरशीचा विचार तिथंच व्हायला पाहिजे, शेवटी नाही.

त्यात कँडिडा ऑरिस नावाची जात लई वाईट. २००९ मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा कळली, भारतातल्या आयसीयूतही सापडते. ती फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला बहुतेक वेळा दाद देत नाही, साध्या लॅबमध्ये दुसऱ्याच कँडिडाच्या नावानं रिपोर्ट येऊ शकतो, आणि कॉटच्या दांड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर आठवडेच्या आठवडे जिवंत राहते. काळी बुरशी एकाकडून दुसऱ्याला होत नाही, ही मात्र हातावाटे पसरते. नेहमीच्या फिनाइलनं नुसती फरशी पुसून भागत नाही, क्लोरीनचं द्रावण लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये १९ धोकादायक बुरशींची यादी काढली त्यात हिला सगळ्यात वरच्या गटात घातलंय.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला आपल्या जिल्ह्याबरोबर सिंधुदुर्ग आणि बेळगावकडचे पेशंट पण येतात. तेव्हा चंदगड, गडहिंग्लजच्या छोट्या हॉस्पिटलनं सॅम्पल पाठवलं तरी फंगल कल्चर, बुरशीची नेमकी जात आणि तिला कुठलं औषध लागू पडतं हे परवडणाऱ्या दरात इथंच कळेल अशी सोय सरकारनं करावी, बीटा-डी-ग्लुकनसारखी बुरशीचा माग काढणारी रक्ताची टेस्ट पण त्यात असावी. खाजगी हॉस्पिटलांनी सेंट्रल लाइन अजून लागते का हे रोज बघावं. आणि नातेवाईकांनी राउंडला डॉक्टर आले की न घाबरता विचारावं, साहेब, लाइन किती दिवसांची झाली, बुरशीची टेस्ट पाठवली का. डॉक्टरांनी पण त्याचा राग मानू नये एवढी विनंती.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर