क्रेनच्या हुकाला नुसता रंग नको

तपासणीची तारीख जवळ आली की अनेक कारखान्यांत क्रेनच्या हुकावर पिवळा रंग चढतो. तडा असला तर तो नेमका त्याच रंगाखाली लपतो. 1948 च्या कारखाने कायद्याने कलम 29 मध्ये अशा यंत्रांची 12 महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी सक्तीची केली. पण हुकाचं तोंड किती फाकलं, हे मूळ मापाशी ताडून पाहायला वर्षभर थांबायचं कशाला? झिजलेल्या हुकावर वेल्डिंगचा थर चढवणं हा तर शुद्ध आत्मघात. त्या उष्णतेनं घडीव पोलादाची ताकद बिघडते. हुक ज्याला लटकतो त्या ब्लॉकमधल्या पुलीची खाच, बेअरिंगचं ग्रीस वगैरे कुणाच्या खिजगणतीतही नसतं. हुकातून साखळी निसटू नये म्हणून तोंडावर असलेली सेफ्टी लॅच (खिटी) तारेनं मागे बांधलेली दिसली, तर सुपरवायझरनं क्रेन तिथेच थांबवावी. उत्पादन खोळंबलं तरी चालेल.

– एक निवृत्त मेंटेनन्स फोरमन, भोसरी