तळीराम पान तीनवर, सावरकर पान आठवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालचा, म्हणजे गुरुवार २४ जुलैचा अंक समोर घेऊनच बसलो आहे. पान तीनवर चार कॉलमी मथळा : 'गटारीनिमित्त तळीरामांची चंगळ'. पान आठवर दिनविशेषात, तेलाच्या जाहिरातीला चिकटून, एक ओळ : '२०२३ : सिंघम फेम अभिनेते जयंत सावरकर यांचे निधन.' दोन्ही एकाच अंकात. आणि अंक लावणाऱ्या एकालाही काही खटकलं नाही?

नसेलच खटकलं. डेस्कवरच्या पोट्ट्यांना दोष देत नाही, त्यांना रात्री दीडपर्यंत जागावं लागतं हे ठाऊक आहे. पण सांगून ठेवतो. राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला तळीराम सावरकरांनी केला होता. म्हणजे ज्याचं नाव तुम्ही पान तीनवर चार कॉलम ताणलंत, तो तळीराम रंगमंचावर उभा करणारा माणूस पान आठवर एका ओळीत, तोही 'सिंघम फेम'.

हे 'फेम' कोणत्या मापानं मोजता तुम्ही? 'सिंघम' आला २०११ साली. सावरकरांचा जन्म १९३६चा, गुहागरचा. म्हणजे पंचाहत्तरीच्या माणसाला त्या सिनेमानं फेम मिळवून दिलं म्हणायचं! तोवर ते काय करत होते? आधी पडद्यामागं राबले, विंगेत उभं राहून दुसऱ्यांना वाक्यं पुरवली, मग मिळेल ती भूमिका करत शंभराच्या वर नाटकं केली. नटवर्य मामा पेंडशांचे जावई होते, पण सासऱ्याच्या नावावर काही मिळाल्याचं कुणी म्हणत नाही. पुलंचा अंतू बर्वा त्यांनी केला. २०१७ साली उस्मानाबादच्या ९७व्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद नाट्य परिषदेनं त्यांना दिलं, ते काही 'सिंघम' पाहून नाही दिलं. यातलं एक वाक्य जरी छापलं असतंत तरी तेलाची जाहिरात अर्ध्या सेंटिमीटरनं खाली सरकली असती, एवढंच.

अशा नटांची गंमत अशी की चेहरा घरातल्या सगळ्यांना माहीत असतो. टीव्हीवर ते आले की आमची ही हातातलं काम टाकून म्हणायची, "अगं बाई, हे नाही का ते, त्याच्यात होते ते." कशात होते ते तिला सांगता यायचं नाही, नाव तर नाहीच. पण पुढची दहा मिनिटं भाजी निवडायची थांबायची. तिला नाव न येणं मी समजू शकतो. तुमचा तर धंदाच नावं छापायचा आहे.

आता त्या तळीरामाबद्दल. दारूपायी वकिली गेली, संसार धुळीला मिळाला, ते सगळं सुधाकरचं. त्याच्या बायकोचे, सिंधूचे हाल झाले तेही सुधाकरपायी. पण पोलिसांनी फुटाळा तलावावर पकडलेल्या माणसाला तुम्ही कधी 'सुधाकर' म्हणता का? नाही. म्हणता तळीराम. नायक राहिला पुस्तकात, आणि बाटली घेऊन बाजूला उभा राहणारा शंभर वर्षं मथळ्यात आहे. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर, हे सगळे सांगतात. पण त्या नाटकातून मराठी माणसाच्या तोंडी रुळलं ते नाव आर्य मदिरा मंडळवाल्या तळीरामाचं. आणि हे लिहिणारा माणूस गेला कुठं? इथून छिंदवाड्याच्या रस्त्यानं तासाभरावर, सावनेरला, २३ जानेवारी १९१९ला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. पुढच्याच महिन्यात बडोद्याला नाटक रंगमंचावर आलं, ते गडकऱ्यांनी पाहिलंच नाही. नागपूरच्या वर्तमानपत्राला तरी तळीराम हा शब्द वापरताना थोडी आठवण असायला हरकत नव्हती.

तुम्ही म्हणाल, हे गृहस्थ एवढे का तापले? तर सांगतो, मीही तळीराम केला आहे.

१९८३ची गोष्ट. आमच्या खात्याच्या नाट्यस्पर्धेत आम्ही 'एकच प्याला' बसवलं, धनवटे रंगमंदिरात. गाणारी सिंधू मिळेना म्हणून पदं गाळली, ते पाप आमच्या माथी आहेच. सुधाकर कोण, हा प्रश्न कधी उठलाच नाही. साहेब सुधाकर. मी लेखा विभागात कारकून, म्हणून मी तळीराम. तालमीच्या आधीच वाटप झालं होतं. महिनाभर संध्याकाळी सहा ते नऊ तालीम, चहा स्वतःच्या खर्चानं. बाटलीत कोरा चहाच असायचा, तोही माझ्याच घरून.

प्रयोगाच्या दिवशी पहिल्या अंकात साहेब कोर्टातून अपमान होऊन आले, मध्यभागी उभे राहिले आणि कोरे झाले. एक शब्द आठवेना. प्रॉम्प्टर विंगेतून एवढ्या जोरात सांगत होता की तिसऱ्या रांगेला ऐकू गेलं, पण साहेबांना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं आणि विंग नेमकी डावीकडे. मग काय करता? मी त्यांचंच भाषण त्यांना विचारायला लागलो. "म्हणजे भर कोर्टात तुम्हाला असं बोलले, असं म्हणता?" साहेब मान हलवणार. "आणि सनदही गेली?" पुन्हा मान. "आणि आता वहिनींना काय सांगावं हे सुचत नाही?" इथं तर त्यांनी कपाळावर हात मारला, तो खराच होता. दीड पान मी एकट्यानं ओढलं. शेवटी प्याला पुढं केला तर त्यांनी तो एका दमात रिकामा केला, घसा सुकला होता बिचाऱ्यांचा. त्या जागेला टाळी पडली.

तिसऱ्या दिवशी एका दैनिकात परीक्षण आलं. तुमच्याच का, ते सांगत नाही, कारण हे पत्र छापून यावं असं मला वाटतं. परीक्षणकर्ते लिहितात की सुधाकरनं पहिल्या अंकात शब्दांचा आधार न घेता केवळ मानेच्या हालचालींतून व्यक्त केलेली मूक वेदना काळजाला भिडली. खाली शेवटची ओळ : 'इतरांनी योग्य साथ दिली.' संपलं. त्या 'इतरां'त मी, सिंधू, गीता, प्रॉम्प्टर आणि कोरा चहा. साहेबांना अभिनयाचं रौप्यपदक मिळालं. त्यांनी पेढे वाटले, मला दोन दिले. कात्रण अजून विम्याच्या कागदांत आहे. ही म्हणते, फेकून द्या. का फेकू? पुरावा आहे तो.

बेचाळीस वर्षं झाली. तेव्हापासून तुमच्या, आणि सगळ्यांच्याच, नाट्यपरीक्षणांत मी ती ओळ शोधतो आणि ती सापडते. कधी 'योग्य', कधी 'समर्पक', कधी 'यथोचित'. साथ मात्र कायम. गेल्या महिन्यात एका नाटकाचं परीक्षण छापलंत, त्यात नायिकेच्या साडीचा रंग होता, हातातल्या बांगड्यांचा आवाज होता, आणि सासऱ्याचं काम करणाऱ्या नटाचं नाव नव्हतं. मी ते नाटक पाहिलं आहे. सासरा रंगमंचावर नसतो तेव्हा लोक खोकत असतात.

इथून पूर्वेला जा, वडशाकडे, गडचिरोलीकडे. तिथं दिवाळीनंतर रात्रभर झाडीपट्टीची नाटकं चालतात, आणि विनोदी काम करणाऱ्या नटासाठी माणसं थंडीत पहाटेपर्यंत बसून राहतात. परशुराम खुणे त्यातलेच, २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथल्या शेतकऱ्याला कळतं की नाटक कुणाच्या खांद्यावर चाललं आहे. आपल्याकडे सीताबर्डीत बसून कळत नाही. त्याच वर्षी सावरकर गेले, तेव्हाही तुमचं 'फेम' असंच काही होतं का, ते जुना अंक पाहून सांगा. माझ्याकडचा रद्दीत गेला.

आणि हो, त्या 'गटारी'चंही बोलून घेतो. अहो, आपल्याकडे त्या दिवशी जिवतीची अमावस्या असते. काल आमच्या घरी भिंतीवर जिवतीचा कागद लागला, कणकेचे दिवे झाले, पुरण झालं. गटारी ही मुंबई-ठाण्याकडची. इथं ज्यांना प्यायची आहे ते पोळ्याच्या करीची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची, वाट पाहतात, हे तुमच्या नागपूरच्या वार्ताहरालाही ठाऊक असणार. पण मजकूर मुंबई कार्यालयातून आला असेल आणि गावाचं नाव तेवढं बदललं असेल, असा मला संशय आहे. जिवतीवर अंकात चकार शब्द नाही. मी सगळी पानं पाहिली, अगदी निविदासुद्धा.

विनंती एवढीच की उद्याच्या दिनविशेषात दुरुस्ती छापावी. 'जयंत सावरकर, रंगभूमीवरील ज्येष्ठ अभिनेते.' पाच शब्द. 'फेम' काढलंत की तेवढी जागा निघते.

आपला,
महालातील एक जुना वर्गणीदार,
नागपूर

ता. क. : मागच्या खेपेला रंगमंदिराच्या पाडकामाबद्दल पाठवलेल्या माझ्या पत्राला तुम्ही 'ज्येष्ठांच्या आठवणी' असा मथळा दिला होता आणि शेवटचे दोन परिच्छेद कापले होते. त्या परिच्छेदांतच मुद्दा होता. या खेपेला कापायचंच झालं तर पेढ्यांचं वाक्य कापा, जिवतीचं राहू द्या. ही म्हणून राहिली, "कशाले लिहिता जी, छापत तर नाही ते." तिच्यासाठी तरी छापा.