‘सर्वानुमते मंजूर’ लिहिण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की इंदुरात रामबागेपासून राजेंद्रनगरापर्यंत मराठी मंडळांच्या आणि कॉलन्यांच्या बैठका सुरू होतात. वर्गणी किती, स्पीकर कधी बंद करायचा, यंदा नाटक की ऑर्केस्ट्रा. इतिवृत्तात वाक्य मात्र ठरलेले: ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. मग बाहेर चपला घालता घालता कुजबुज सुरू होते, ‘मला काही हे पटलं नव्हतं बुवा.’

यात कुणी खोटे वागत नसते. गप्प बसलेला प्रत्येक जण आपल्या गप्प बसण्याला भीड म्हणतो आणि शेजाऱ्याच्या गप्प बसण्याला संमती. अशी वीस माणसे एकत्र आली की बहुतेकांना नको असलेला ठराव बिनविरोध पास होतो.

या भिडेचे मोजमाप मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत केले. दिलेल्या रेषेएवढीच रेषा तीन रेषांतून ओळखायची, इतके सोपे काम. एकट्याने उत्तर देताना चुका एक टक्क्याहूनही कमी. पण आधी बोलणाऱ्यांनी संगनमताने एकच चुकीचे उत्तर दिले, की त्यांच्यानंतर बोलणाऱ्याची सुमारे ३७ टक्के उत्तरे चुकू लागली. समोर एकच माणूस चुकीचे बोलला तर फारसा फरक पडत नाही. दोघे चुकीचे बोलले तर १४ टक्क्यांच्या आसपास उत्तरे चुकली, तिघे बोलले तर ३२. त्यापुढे माणसे वाढवूनही दाब फारसा वाढला नाही. पहिल्या रांगेतल्या तीन ज्येष्ठांनी लागोपाठ मान डोलावली, की चौथ्यावर पडायचा तेवढा दाब पडून झालेला असतो. (हा प्रयोग ‘माणसे मेंढरेच’ असे सांगायला वापरतात, ते चूक. सुमारे चौथा हिस्सा लोक एकदाही बधले नाहीत.)

मंडळांनी उचलावे असे याच प्रयोगांत पुढे आहे. एकाच सोबत्याने बरोबर उत्तर दिले, तर चुका पाच-सहा टक्क्यांवर आल्या. तो सोबती स्वतः चुकला, पण बाकीच्यांपेक्षा वेगळे बोलला, तरी दाब सैल झाला. आणि उत्तर तोंडी न घेता कागदावर घेतले, तेव्हा चुका सुमारे दोन तृतीयांशांनी घटल्या.

म्हणून चिठ्ठी. चर्चेच्या आधी, पाच मिनिटे, नाव न घालता. ‘हो’ आणि ‘नाही’ छापलेलेच असावे, फक्त खूण करायची. दहा जणांच्या समितीत अक्षर लगेच ओळखू येते. कार्यवाहांनी चिठ्ठ्या मिसळून मोठ्याने वाचाव्यात, मग ‘यात काय फसू शकते?’ यावर चर्चा, अखेर पुन्हा चिठ्ठी. चर्चा रंगल्यावर पहिली चिठ्ठी काढली तर ती वायाच गेली. तोवर वारा कुठला आहे ते सगळ्यांना कळलेले असते. ‘कुणाचा विरोध आहे का?’ हा प्रश्न तर बंदच करावा. त्याने विरोध करणाऱ्याला सगळ्यांसमोर एकटे उभे केले जाते.

व्हॉट्सॲपचा पोल हा पर्याय नाही. तिथे कोणी काय निवडले ते नावानिशी दिसते. अध्यक्षांनी पहिले बोट दाबले की काम झाले.

अध्यक्षांनी शेवटी बोलावे. मानसशास्त्रज्ञ इरव्हिंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये ‘ग्रुपथिंक’ची (एकी टिकवण्यासाठी शंका गिळण्याची) मांडणी केली ती अशाच, एकमेकांना दुखवायला न धजणाऱ्या जवळच्या माणसांबद्दल; त्यांचे ठळक उदाहरण होते अमेरिकेच्या पाठबळाने झालेली १९६१ ची क्यूबावरची फसलेली स्वारी. पुढच्याच वर्षी क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी, सल्लागारांना मोकळे बोलता यावे म्हणून, काही बैठकांना मुद्दाम गैरहजर राहिले. आपल्या अध्यक्षांना निदान पहिल्या फेरीपुरते चहाला पाठवता येईल. ‘तू खोटा विरोध कर’ असे एखाद्याला नेमून देण्याची पद्धतही आहे, पण मानसशास्त्रज्ञ चार्लन नेमेथ यांच्या प्रयोगांत असा नेमलेला विरोधक मनापासून विरोध करणाऱ्याइतका उपयोगी ठरला नाही.

ठराव झाल्यावरची फजिती वेगळी. ‘मंडप सगळे मिळून आवरू’ म्हणजे दोघे आवरणार. मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून आवाज मोजला: सहा जणांत प्रत्येकाच्या वाट्याचा आवाज तो एकटा असतानाच्या आवाजाच्या ४० टक्केच भरला. काही घट ताल न जुळल्याची, पण उरलेली अंग चोरल्याची. यालाच ‘सोशल लोफिंग’ म्हणतात. कोणाचे काम किती ते वेगळे दिसू लागले की ही अंगचोरी जवळपास थांबते, असे पुढच्या प्रयोगांत आढळले. तेव्हा इतिवृत्तात ‘स्वच्छता समिती’ लिहून थांबू नये. निर्माल्य वेगळे काढून सकाळच्या कचरागाडीत देणे कोणाकडे, खुर्च्या मोजून परत करणे कोणाकडे, हे एका कामापुढे एकच नाव घालून लिहावे आणि त्याच्याही आधी, मतदानात ‘हो’ किती आणि ‘नाही’ किती ते आकडे.

आपला,
सामाजिक मानसशास्त्र शिकवणारा एक वाचक, इंदूर